देवाकडून ‘नाही’ म्हणवून घेताना

मी इंग्रजी शिकवते. म्हणजे शाळेतली टीचर वगैरे नाही हां. दादरला स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका जुन्या बिल्डिंगमध्ये, खाली चष्म्याचं दुकान आणि वर दुसऱ्या मजल्यावर आमचा स्पोकन इंग्लिशचा क्लास, तिथली संध्याकाळची मोठ्या माणसांची बॅच माझ्याकडे असते. आमच्या पुस्तकातला चौदावा धडा आहे प्रेमाबिमातल्या इंग्रजी वाक्प्रचारांचा. हिट इट ऑफ. क्लिक होणं. केमिस्ट्री. स्पार्क. बटरफ्लाइज इन द स्टमक. आणि माझं नशीब बघा, रविवारी मला बघायला आले आणि मंगळवारी हा धडा आला.

क्लासचा नियम आहे की शब्दाला शब्द सांगायचा नाही, आपल्याकडचं उदाहरण द्यायचं. मी बोर्डवर लिहिलं आणि फुल जोशात सुरू झाले. हिट इट ऑफ म्हणजे मारामारी नाही, पहिल्याच भेटीत गट्टी जमणं. बटरफ्लाइज म्हणजे तो माणूस समोर आला की पोटात कसंतरी होणं, आपण म्हणतो ना पोटात गोळा आला, तसंच, पण आनंदाचं.

पहिल्या बाकावर एक काकू बसतात, पन्नाशीच्या पुढच्या. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या, एका हॉस्पिटलात आया आहेत, ड्युटी संपवून थेट क्लासला येतात. नातू इंग्लिश मीडियमला गेला आणि घरात आजीच्या चुका काढायला लागला म्हणून त्यांनी क्लास लावला. त्या बोलल्या, "आमच्या पण पोटात गोळा यायचा मॅडम. पण सासूचा आवाज आला की."

सगळा क्लास हसला. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "आणि स्पार्क म्हणजे?"

"म्हणजे दोन माणसं भेटतात आणि काहीतरी होतं. सांगावं लागत नाही, आपलं आपल्याला कळतं."

"आणि नाही झालं तर?"

"तर म्हणायचं, देअर वॉज नो स्पार्क."

"मग पुढे काय करायचं?"

मी पुस्तकाचं पान उलटून बघितलं, लिटरली. पुढे पंधरावा धडा होता, ॲट द रेल्वे एन्क्वायरी.

आता रविवारचं सांगते. मुलगा आमच्याच तालुक्यातला, म्हणजे त्यांचं गाव आमच्या गावापासून दोन नद्या पलीकडे, पण जन्म सगळा परळमधला. जुनी चाळ पाडून झालेल्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर राहतो, एका कंपनीत इन्शुरन्सचे क्लेम तपासतो. आमच्या लालबागच्या खोलीत ते सगळे बसून गेले, मग आम्हा दोघांना ‘जरा बाहेर बोलून या’ म्हणून सोडलं. आम्ही दादरला कॉफी प्यायला गेलो. तिथे त्याने फोन काढला आणि बोलला, "मी प्रश्न लिहून आणलेत. हसू नकोस."

मी हसले नाही. खरं तर मला ते आवडायला हवं होतं. त्याचे प्रश्न पण बरे होते. लग्नानंतर क्लास चालू ठेवायचाय का. रागावल्यावर बोलायचं बंद करतेस की भांडतेस. मासे साफ करता येतात का, कारण त्याला येतात आणि तो करेल. असा मुलगा मिळतो का सांगा. मी उत्तरं देत होते आणि आतमध्ये काही म्हणजे काहीच हलत नव्हतं. बँकेत टोकन घेऊन बसल्यावर शेजारच्या माणसाशी आपण चांगलं बोलतो ना, हवापाण्याचं, गर्दीचं, आणि नंबर आला की उठून जातो? तसं. नंबर कधी येतो तेवढं मी बघत होते.

घरी आले तर आई दारातच. आमची आई माहेरची पण मालवणी, सासरची पण मालवणी, लालबागमध्ये तीस वर्षं झाली तरी तिचं मराठी मुंबईला आलेलंच नाही.

"कसो वाटलो?"

आणि मी काय बोलले? "चांगला आहे."

बस. त्या दोन शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं. मी ‘पण’ म्हणेपर्यंत आई शेजारच्या मावशींना सांगून पण आली होती.

आमची खोली एक. एक खोली, एक मोरी, वर माळा. माळ्यावर मी झोपते, तिथे बसलं तर डोकं छताला लागतं, त्यामुळे माझे सगळे विचार एक तर आडवे पडून होतात नाहीतर मोरीत नळ सोडून. त्या दिवशी मी मोरीत गेले, नळ सोडला आणि बादलीच्या कडेवर बसले. दोन मिनिटांत आईने कडी वाजवली. "पाणी जाता गो. काय करतंस आत?"

बाहेर येऊन मी सांगितलं. "आई, तो चांगला आहे, पण मला स्पार्क नाही वाटला."

"काय ता?"

"म्हणजे क्लिक नाही झालं."

"माका मराठीत सांग."

मी, जी बाकीच्या जगाला हे शिकवते, ती मी माझ्या आईसमोर उभी राहून शब्द शोधत होते. "मन नाही जुळलं."

"मन जुळूक दोन तास पुरतत? माका तुझ्या पप्पांच्या आवडीची भाजी कळूक वर्ष लागला."

"तसं नाही गं. काहीतरी वाटायला पाहिजे ना आतून."

"वाटतला. त्याका वेळ दी."

"आई, पहिल्यांदाच वाटतं ते."

"कोणी सांगितल्यान? त्या तुझ्या इंग्लिशच्या पुस्तकान?"

पप्पा पलंगावर बसून पायांना तेल लावत होते. शिवडीच्या एका गोदामात सुपरवायझर होते, दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा गेल्यात. त्यांनी वर बघितलं, म्हणजे मला वाटलं आता काहीतरी बोलतील, पण ते बोलले, "बाटलीचं झाकण कुठे गेलं?"

पुढचे तीन दिवस हेच. मी रोज एक नवा शब्द काढायची आणि आई तो आमटीत टाकून उकळायची. वेव्हलेंथ बोलले तर ती बोलली, रेडिओ आसा काय? केमिस्ट्री बोलले तर ती बोलली, दहावीक तुका सायन्समध्ये किती पडलेले माका म्हायत आसा. आणि प्रत्येक वेळी शेवटी एकच प्रश्न. "त्याच्यात वायट काय ता सांग." वाईट काही नव्हतंच. तो दारू पीत नाही, आईशी नीट बोलतो, मासे साफ करतो. मी खोटं पण बोलू शकत नव्हते आणि खरं कोणाला कळत नव्हतं. गॅलरीत गेले तर मावशी विचारणार, जिन्यात गेले तर खालचे आजोबा विचारणार, "काय, कधी लाडू?" मला ना असं झालं होतं, की कुठेतरी जाऊन नुसतं एक तास कोणी मला काही विचारणार नाही असं बसावं. अशी जागा लालबागमध्ये मला माहीत नाही. तुम्हाला असेल तर सांगा.

आणि मग मी माती खाल्ली.

माझ्या मोठ्या मामेबहिणीचं एक स्थळ असंच जमलेलं, आणि तिला नको होतं. मामाने गावच्या देवळात कौल लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कोकणात मोठं काही ठरवायचं असलं की ग्रामदेवतेला विचारतात. गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि मग सगळे गप्प उभे राहतात. उजवीकडची पाकळी पडली तर देव हो म्हणाला. डावीकडची पडली तर नाही. बहिणीचा कौल डावा आला. कोणी कोणाला दोष दिला नाही, मुलाकडच्यांनी पण हात जोडले, देवाची मर्जी, विषय संपला. तिला एक वाक्य पण बोलावं लागलं नाही.

तर चौथ्या दिवशी, आई परत ‘वायट काय ता सांग’वर आली तेव्हा मी बोलले, "तू देवाला विचार ना. कौल लावा. देव बोलला तर मी करते."

आईचा चेहरा असा काही उजळला की मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. तिला वाटलं मुलगी सुधारली.

पण मला खात्रीच होती. देवाला तरी कळेल ना, त्याला काय मराठीत समजवायचंय. आणि तरीही रिस्क नको म्हणून मी दुसऱ्या दिवशी क्लासच्या जिन्यातून गावाला मामाला फोन लावला. हे मी आजपर्यंत घरी सांगितलेलं नाही.

"मामा, तो कौल आहे ना माझा. तो डावा आला तर बरं होईल."

मामाच्या मागे कोंबड्यांचा आवाज. मग बोलला, "तू देवाक सेटिंग सांगतंस काय गो?"

"तसं नाही मामा, गुरवांना जरा—"

"गुरवाक काय सांगू? हातान पाड म्हणान सांगू? चेडवा, तोंड सांभाळ. तुका नको आसा तर तुझ्या बापाशीक सांग. देवाक मधी कित्याक घालतंस?"

आणि त्याने फोन ठेवला. माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतका सरळ सल्ला कोणी दिला नव्हता आणि मी काय केलं, तर मामा गावठी आहे म्हणून सोडून दिला.

सोमवारी सकाळी व्हिडिओ कॉल. आईने फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, आम्ही तिघं अनवाणी समोर उभे. मामाचा हात हलत होता, कधी मूर्ती दिसायची कधी देवळाचं छप्पर. गुरवांचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. "ह्या चेडवाचा थंय बरा होतला आसात, तर उजवो दी म्हाराजा." म्हणजे तिथे ह्या मुलीचं भलं होणार असेल तर उजवी. मी डाव्या पाकळीकडे बघत होते. इतकी बघत होते की डोळ्यातून पाणी यायला लागलं. पड. पड ना. प्लीज.

उजवी पडली. असं काही वेळ लावून, थरथरून वगैरे नाही. गुरवांचं बोलणं संपलं आणि पडली, जशी काही वाटच बघत होती.

आईने पदर डोळ्याला लावला. पप्पांनी फोनला नमस्कार केला. मामाने कॅमेरा फिरवून फक्त स्वतःचा चेहरा दाखवला, अर्धा, आणि कॉल कट केला.

त्यानंतरचं मला सांगायला पण गुदमरायला होतं. आधी निदान मी आईशी भांडत तरी होते. आता कोणाशी भांडणार? मीच विचारा बोलले, मीच करते बोलले. मुलाकडे निरोप गेला की देवाने उजवा दिला, तिकडे पेढे वाटले. साखरपुड्याचा दिवस ठरला, हॉल बघितला, परळमध्येच, दोन्ही घरांना चालत जाता येईल असा. आई रोज एक साडी काढून माझ्या खांद्यावर टाकून बघायची आणि मी हँगरसारखी उभी. गॅलरीतून जाताना बायका मला बाजूला होऊन जागा द्यायला लागल्या, जसं काही मी आतापासूनच पाहुणी आहे.

आणि तो रोज दुपारी सव्वा एक वाजता मेसेज करायचा. जेवलीस का?

मी टाइप करायची, हो, तू? माझा टायपिंगचा स्पीड असा आहे ना की मैत्रिणी बोलतात तुझा मेसेज वाचेपर्यंत दुसरा येतो. आणि ह्या ‘हो, तू?’ला मला पाच मिनिटं लागायची. तो लिहायचा आज डब्यात भेंडी होती. तो लिहायचा तुझ्या क्लासच्या खालून गेलो, वर बघितलं, लाइट चालू होता. मी त्याला अंगठा पाठवायची. मला माझाच राग यायचा आणि मग त्याचा यायचा, काही कारण नसताना, भेंडीचा पण यायचा.

साखरपुड्याच्या दहा दिवस आधी क्लासमध्ये रिव्हिजन होती. चौदाव्या धड्यातला एक वाक्प्रचार घेऊन स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य लिहायचं आणि उभं राहून वाचायचं. एका पोराने वाचलं की त्याची आणि त्याच्या बाइकची केमिस्ट्री आहे. मग काकू उठल्या. वही लांब धरली आणि एकेक शब्द ठेवत वाचलं, "देअर वॉज नो स्पार्क. आय स्टेड थर्टी-टू इयर्स."

मी ‘व्हेरी गुड’ बोलले. सवयीने. मग मला पुढचं नाव घेता येईना.

क्लास सुटल्यावर काकू जिन्यात चप्पल घालत होत्या. मी विचारलं, "काकू, मग कशा राहिलात?"

"कशा म्हणजे? राहिले. माणूस गेला पण आता, चार वर्षं झाली. वाईट नव्हता हां. आजारी पडले की चहा करायचा."

"पण तुम्हाला कधी नाही म्हणावंसं वाटलं नाही? आधी?"

"कोणी विचारलं होतं मला? सतरा वर्षांची होते. बापाने सांगितलं उद्या हळद. तुला काय झालं, चेहरा का असा?"

मी सगळं सांगितलं. कॉफी, चांगला आहे, कौल, मामाला केलेला फोन पण. जिन्यात लोक ये-जा करत होते आणि आम्ही दोघी भिंतीला चिकटून. शेवटी काकू बोलल्या, "आम्ही बौद्ध. आमच्यात कौलबिल नसतो. त्यामुळे आमच्याकडे जे चुकतं ना, ते माणसाचंच चुकतं. लपायला जागा नाही."

"म्हणजे मी लपले?"

"मग काय केलंस? मला कोणी विचारलं नाही. तुला तुझी आई रोज विचारत होती, आणि तू देवाकडे बोट केलंस." त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली. "माझी बस जाईल."

मी चिडले. खूप चिडले. घरापर्यंत चालत गेले, परळ, लालबाग, सगळं डोक्यात भांडत. पण त्या रात्रीचं जेवण होण्याआधी मी त्याला मेसेज केला होता की भेटूया.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही परळला उसाच्या रसाच्या दुकानात भेटलो. तो ऑफिसमधून धावत आलेला, गळ्यात आयकार्ड तसंच. मी विचार करून आले होते की सुरुवात कशी करायची, पुस्तकातला एक पण शब्द वापरायचा नाही असं ठरवलं होतं. रस यायच्या आधीच बोलून टाकलं.

"मला तुझ्याबद्दल काही वाटत नाही. तू चांगला आहेस. पण काहीच वाटत नाही."

त्याने आयकार्ड काढलं आणि त्याची पट्टी बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग बोलला, "मला वाटतं."

हे मला माहीत नव्हतं. शप्पथ सांगते, इतके दिवस मी फक्त माझ्या पोटात काय होतंय काय नाही ते बघत होते. त्याच्या पोटात काही असेल असं मनात पण आलं नाही.

"त्या दिवशी कॉफीला मी सगळे प्रश्न विचारले पण नाहीत," तो बोलला. "तू बोलत होतीस, मग मी फोन ठेवून दिला. सुरुवातीला दोघांपैकी एकाला वाटलं तरी चालतं असं मला वाटलं."

"सॉरी."

"पण मग कौल? तुमच्याकडूनच निरोप आला ना."

"तो मीच लावायला सांगितला. मला वाटलं डावा येईल."

रस आला. दोघांनी पण हात लावला नाही. बर्फ वितळून वर पाण्याचा थर आला. तो त्याच्याकडेच बघत बोलला, "म्हणजे तू देवाकडून मला नाही म्हणवून घेणार होतीस."

मी मान डोलावली.

"घरी सांगितलंस? आईवडिलांना?"

"अजून नाही."

"मग आधी मला का सांगतेस?" आता त्याने वर बघितलं. रागात नव्हता, क्लेमचे पेपर तपासताना असाच बघत असेल. "मी नाही म्हणावं म्हणून?"

मला बोलायचं होतं, छे, असं काही नाही. तोंड उघडलं पण. आणि मग लक्षात आलं की हो. अगदी हेच. मी घरून निघताना मनातल्या मनात पुढचं पण रचलं होतं, तो दुखावेल, घरी जाऊन सांगेल मुलगी नको, त्याची आई माझ्या आईला फोन करेल, आई दोन महिने त्यांना शिव्या देईल आणि माझी सुटका. देवाने ऐकलं नाही तर आता हा.

"हो," मी बोलले.

"मी नाही म्हणणार नाही," तो बोलला. "का म्हणू? मला नको असं काही झालंच नाहीये. तुला नको असेल तर तू म्हण."

आणि तो उठला, दोन्ही ग्लास तसेच, आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर थांबला, मी येईपर्यंत. स्टॉपपर्यंत माझ्याबरोबर आला पण.

घरी गेले तर आई साखरपुड्याला कोणाकोणाला फोन करायचे त्यांची नावं वहीत लिहीत होती आणि पप्पा तिला आठवण करून देत होते, त्याला विसरू नको, तो रुसेल. मी दारातच उभी राहिले. चप्पल पण काढली नाही, कारण काढली असती तर आत जाऊन मोरीत शिरले असते, मला मी माहीत आहे.

"आई, पप्पा, मला हे लग्न नको."

आईने पेन तसंच धरलेलं. "आता काय झाला? तो काय बोललो?"

"तो काही बोलला नाही. मला नको आहे."

"देवान उजवो दिल्यान. तुझ्या डोळ्यांसमोर दिल्यान. देवाचो शब्द मोडतंस?"

"मी मोडते, हो. माझ्यावर येऊ दे."

"काय येऊ दे? कळता काय तुका काय बोलतंस ता?" तिचा आवाज वर गेला, आणि मग तिने स्वतःच खाली आणला, कारण गॅलरीत चपला थांबलेल्या ऐकू आल्या. दाबलेल्या आवाजात ती रडायला लागली. ते मला जास्त लागलं. आमच्याकडे मोठ्याने रडायची पण सोय नाही. अजून पण ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, नळ बंद कर, गॅस बघ, एवढंच. मामा फोन घेत नाही. देवाचं काय ते मला माहीत नाही, मला त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

त्या वेळी पप्पांनी तेवढं विचारलं. "नको म्हणजे नको?"

"नको."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी पायांकडे बघितलं. मला वाटलं आता परत तेलाची बाटली मागतील. ते बोलले, "मग हे एवढंच का नाही बोललीस? ते काय काय इंग्लिश सांगत होतीस, मला वाटलं अजून तुझं ठरत नाहीये."

ते उठले, भिंतीला धरून, शर्ट चढवला आणि दाराकडे आले. "चल."

"कुठे?"

"त्यांच्याकडे. असलं फोनवर सांगत नाहीत. आणि मी सांगणार नाही. मी सोबत येतो."

आई बोलली, "मी नाय येणय." पप्पा बोलले, बरं.

परळपर्यंत आम्ही चालत गेलो, पप्पांच्या चालीने, म्हणजे दर कोपऱ्यावर थांबत. त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये चार आरसे, प्रत्येकात मी. सतरावा मजला यायला एवढा वेळ का लागतो माहीत नाही. मला एकदा वाटलं ती बंद पडावी.

दार त्यानेच उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे, आणि बाजूला झाला. त्याचे वडील टीव्ही बघत होते, त्यांनी आवाज बंद केला. त्याची आई आतून हात पुसत आली. "या या. असे अचानक? बसा." पाण्याचे ग्लास आले. पप्पा सोफ्याच्या अगदी टोकावर बसले आणि बोलले, "हिला काहीतरी सांगायचं आहे."

मी उभीच होते, हातात ग्लास.

"मला हे लग्न करायचं नाही."

त्याच्या आईला आधी कळलंच नाही, ती पप्पांकडे बघून हसत होती तशीच होती. मग हसू हळूहळू गेलं. "का गो? आमच्याकडून काय चुकलं?"

"नाही, काही नाही."

"दुसरं कोणी आहे का? असेल तर सांग, आम्ही काही—"

"कोणी नाही."

"मग काय?"

धड्यातले सगळे शब्द त्या क्षणी जिभेवर होते. आणि तो तिथेच दाराजवळ उभा होता, ऐकत.

"मला नको आहे. तेवढंच."

"पण देवाने उजवा दिला ना?"

"दिला. मीच विचारायला लावला होता. मला स्वतः बोलायची हिंमत नव्हती म्हणून. चूक माझी आहे."

त्याचे वडील पप्पांना बोलले, "आणि तुम्ही?"

"ती बोलली ना," पप्पा बोलले.

टीव्हीवर कोणीतरी बिनआवाजाचं ओरडत होतं. त्याची आई माझ्याकडे बघत बोलली, "पाणी तरी पी." मी प्यायले, सगळं, उभ्याउभ्या. मग ग्लास कुठे ठेवायचा ते कळेना, टीपॉय पेपरांनी भरलेला होता. तो पुढे आला, माझ्या हातातून ग्लास घेतला आणि आत घेऊन गेला.